अक्ताऊ नेमकं किती लांब?

बेगाइदारांचा कुणावर विश्वास नव्हता असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. विश्वास होता, पण मोजून घेतल्यावर. अल्माटीबाहेरच्या हमरस्त्यावर ट्रकांच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली, की कागदावर एक आणि काट्यावर दुसरं हेच जगाचं मूळ लक्षण वाटायला लागतं. दुकानातून आणलेली साखर ते घरी परत मोजत. कमी भरली तर दुकानदाराला जाऊन सांगत. बरोबर भरली तर मात्र त्याने असं का केलं असावं, याचा दिवसभर विचार करत.

त्या हिवाळ्यात त्यांची मुलगी मेरुएर्त हिला मुलगा झाला. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कास्पियन समुद्राकाठी अक्ताऊला दिलेली. बाळाचा पाळणा आईच्या माहेरून जायचा ही रीत, त्यामुळे बायकोने, कुल्याशने, चाळीस दिवस भरायच्या बेताने विमानाने जायचं ठरवून टाकलं. बेगाइदार आयुष्यात विमानात बसले नव्हते. लग्नाला चार वर्षं झाली तरी अक्ताऊलाही गेले नव्हते. एका वर्षी गुडघा, एका वर्षी स्वयंपाकघरातली गळती, एका वर्षी तिकिटाच्या खिडकीवरचा माणूसच त्यांना ठीक वाटला नाही. मेरुएर्त दर उन्हाळ्यात आगगाडीने स्वतःच यायची, म्हणून निभावत होतं. आता चाळीस दिवसांच्या पोराला कोण आणणार?

तर त्यांनी बाजारातल्या खिडकीवर जाऊन तिकिटं काढली, बाजूला उभं राहून चष्मा लावला आणि वाचलं. जाताना नऊ चाळीसला निघणार, बाराला पोहोचणार. येताना एकला निघणार, पाचला पोहोचणार.

ते परत रांगेत उभे राहिले.

"मुली, हे विमान येताना मध्ये कुठे थांबतं का?"

"नाही काका, सरळ येतं."

"मग जाताना दोन तास वीस मिनिटं आणि येताना चार तास कसे? ट्रक पूर्वेकडून काट्यावर चढव नाही तर पश्चिमेकडून, वजन तेच भरतं."

"तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे आहे ना. म्हणजे जाताना तीन तास वीस, येताना तीन."

बेगाइदारांनी बोटांवर मोजून पाहिलं. "तरी वीस मिनिटं उरतात."

"ती वाऱ्याची," मुलगी म्हणाली, हसली आणि जेवायला गेली.

वीस मिनिटांचं त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं. घरी येताना बसमध्ये मात्र त्यांना एकदम आठवलं आणि ते दोन थांबे पुढे गेले. सोयरीक ठरवायला व्याही इझबासार अल्माटीला आले होते, तेव्हा मटणाच्या परातीसमोर बसून, छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "अहो व्याही, लांब कसलं! दोन तास! सकाळचा चहा तुमच्याकडे प्यायचा, दुपारचं मटण आमच्याकडे खायचं." त्या दोन तासांच्या भरवशावर बेगाइदारांनी एकुलती एक मुलगी दिली होती. आणि खरे निघाले तीन तास वीस मिनिटं! मुलाचं वय लपवतात, दारू लपवतात, हे त्यांनी ऐकलं होतं. अंतर लपवणारा सोयरा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

"मी हे त्यांच्यासमोर मांडणार," ते कुल्याशला म्हणाले. "पण तोंडी नाही. शिक्क्याचा कागद घेऊन. दोन विमानतळांमधलं अंतर इतकं, वेळ इतका."

"अहो, आपल्याला पाळणा पोहोचवायचाय की खटला भरायचाय?"

"दोन्ही," बेगाइदार म्हणाले.

सुरुवात घरातल्या भिंतीवरच्या नकाशापासून झाली. कुल्याशच्या टोपलीतली लाल लोकर घेऊन त्यांनी एक टोक अल्माटीवर धरलं, दुसरं अक्ताऊवर. पहिल्यांदा एकवीसशे किलोमीटर भरले. दुसऱ्यांदा एकोणीसशे. तिसऱ्यांदा जरा नेट लावून धरलं तर साडेसतराशे. लोकर ताणली की देश आखडतो, असा शोध लागला. कुल्याशला दुसरा शोध लागला. बाळाच्या टोप्यासाठी ठेवलेली लोकर एका ठिकाणी तुटली होती.

खाली इमारतीच्या बाकावर तेमिरखान भेटला. तेमिरखान पूर्वी ट्रक चालवायचा आणि त्याचा कांद्याचा ट्रक बेगाइदारांनी एकदा चारशे किलोंवरून अडवला होता. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. दोघं रोज भेटत आणि दोघंही तो विषय काढत नसत.

"तीन हजार," तेमिरखानने सांगून टाकलं. "मी स्वतः गेलोय, कांदे घेऊन."

"रस्त्याने नको. आभाळातून सांग."

"आभाळातून नाही गेलो. पण डोकं चालव ना जरा! पृथ्वी कशी फिरते?"

"पश्चिमेकडून पूर्वेकडे."

"झालं तर! विमान नुसतं वर उचलायचं आणि गप उभं करायचं. अक्ताऊ आपोआप खाली येईल. इंधनही जायचं नाही. पण मग तिकिटाचे एवढे पैसे कसे उकळणार?"

हे बेगाइदारांना फार पटलं, म्हणूनच त्यांना शंका आली. दुपारभर ते खिडकीशी बसून राहिले. पृथ्वी अक्ताऊला आपल्याकडे घेऊन येते आहे, मग जाताना वेळ कमी लागायला हवा. तो तर वीस मिनिटं जास्त लागतो. याचा अर्थ एकच, जाताना वैमानिक रेंगाळतो.

तिसऱ्या मजल्यावर ल्युदमिला पावलोव्ना राहायच्या. त्यांची सगळी नोकरी हवामान खात्यात झालेली, घरी पृथ्वीचा गोल होता. बेगाइदार दोरा घेऊन वर गेले. बाईंनी तो गोलावर ताणून दाखवला, तर तो नकाशापेक्षा थोडा उत्तरेकडून गेला.

"नकाशावर सरळ दिसतं ते खरं सरळ नसतं, बेगाइदार."

"हे तुम्ही मला सांगता?" बेगाइदार म्हणाले. उभ्या आयुष्यात एखाद्या तज्ज्ञाशी ते इतके सहमत झाले नव्हते.

"आणि वीस मिनिटांचं म्हणाल तर वर वारा असतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे. जाताना समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते! चाळीस वर्षं आभाळात फुगे सोडलेत मी."

"ते फुगे परत आले?"

"परत कसे येतील?"

"मग तिथे काय झालं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

ल्युदमिला पावलोव्नांनी त्यांच्यापुढे ठेवलेली केकची बशी उचलून आत नेली. बेगाइदारांचा एक तुकडा खायचा राहिला होता.

मग त्यांनी सरकारी मार्ग धरला. विमानतळावरच्या चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, विमान आलं की नाही ते आम्ही सांगतो, किती लांबून आलं ते सांगायचं काम आमचं नाही. त्याने शहरातल्या एका कचेरीत पाठवलं. कचेरीत एक छापील अर्ज होता आणि त्यात अंतर कशासाठी हवं याचे तीनच पर्याय होते: प्रवासी वाहतूक, मालवाहतूक, शेतीवरची फवारणी.

"माझं काम कौटुंबिक आहे," बेगाइदार म्हणाले.

"मग फवारणीवर खूण करा," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "तो गठ्ठा लवकर सुटतो."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अर्जात पीक, क्षेत्र आणि किडीचं नाव लिहिलेलं नसल्यामुळे तो विचारात घेता येत नाही. किडीच्या नावाच्या जागी व्याह्यांचं नाव लिहावं असं बेगाइदारांना फार वाटलं. पण संस्कार आडवे आले.

दुसरा अर्ज त्यांनी प्रवासी वाहतुकीखाली केला. त्याचं उत्तर फेब्रुवारीच्या मध्याला आलं, आणि तेही शिक्क्यासह. 'दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे दोन हजार' एवढं स्पष्ट वाचता येत होतं. पुढच्या आकड्यांवर नेमका तो गोल निळा शिक्का बसला होता. शिक्का इतका ठसठशीत होता की कचेरीचं नाव, कागद उजेडात धरला की मागूनही वाचता येत होतं. फक्त अंतर तेवढं कळत नव्हतं.

"आणि वर 'सुमारे'!" बेगाइदारांचा आवाज चढला. "सुमारे वजनाचा एक ट्रक मी एकतीस वर्षांत सोडला नाही!"

"खरंय," बाकावरचा तेमिरखान बर्फाकडे बघत म्हणाला.

एवढ्यात टीव्हीवर बातम्या जोरात सुरू झाल्या. एक मार्चपासून सगळ्या देशाचं घड्याळ एकच होणार. अक्ताऊचं जिथे आहे तिथेच राहणार, अल्माटीचं एक तास मागे जाणार. शहरात तक्रारी सुरू झाल्या, लवकर अंधार पडेल म्हणून लोक वैतागले. बेगाइदारांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "पकडले गेले! ज्या तासाच्या आड व्याही लपले होते, तो तासच सरकारने काढून घेतला!" फेब्रुवारीच्या शेवटच्या संध्याकाळी, जेवणाआधीच, त्यांनी घरातली सगळी घड्याळं एक तास मागे केली. भिंतीवरचं, मनगटावरचं, ओव्हनवरचं, इतकंच काय, बंद पडलेलं गजराचं सुद्धा. सरकारची एखादी गोष्ट त्यांनी न तपासता मान्य करण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. आणि तिथेच घात झाला.

विमान दोन मार्चचं होतं. एक मार्चच्या सकाळी फोनवर संदेश आला: 'घड्याळातील बदलामुळे आपलं विमान आता नऊ चाळीसऐवजी आठ चाळीसला सुटेल.'

खरं तर यात अवघड काही नव्हतं. जुन्या घड्याळाने जे नऊ चाळीस, तेच नव्या घड्याळाने आठ चाळीस. विमान आपल्या जागीच होतं, हलली होती ती घड्याळं. पण बेगाइदारांनी संदेश तीन वेळा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुना काट्यावरचा भाव आला.

"भामटे आहेत. बँकेने सांगितलंय ना, अनोळखी संदेशांवर विश्वास ठेवू नका? आपल्याला लवकर घराबाहेर काढायचं आणि मागे घर साफ करायचं. माझ्या हातात छापील तिकीट आहे. त्यावर नऊ चाळीस आहे."

थोड्या वेळाने मेरुएर्तचा फोन आला. "बाबा, विमान आठ चाळीसला आहे हं. तुम्ही नऊ चाळीस धरून बसाल, म्हणून मुद्दाम फोन केला."

बेगाइदारांनी फोनवर हात ठेवून कुल्याशला खुणावलं. "आवाजसुद्धा बनवतात हल्ली." मग फोनमध्ये म्हणाले, "तुझ्या शाळेतल्या पहिल्या बाईंचं नाव सांग."

"काय?"

"नाव सांग."

"बाबा, मी दोन तास झोपलेय रात्रभरात. तुम्ही मला ओळखत नाही?"

"आवाज ओळखतो. म्हणून तर विचारतोय."

फोन कट झाला.

"बघितलंस? सांगता आलं नाही!"

"अहो, तिला राग आला."

"तेच तर. भामट्याला प्रश्न विचारला की पहिल्यांदा राग येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुल्याश कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, रजईत गुंडाळलेल्या पाळण्याशेजारी उभी होती. खाली तेमिरखानची गाडी सुरू होती.

"मी निघते. तुम्ही येताय?"

"एक तास उगाच बाकावर बसशील."

"बसेन."

"पाळणा?"

"माझ्याबरोबर येईल. त्याला काही शंका नाहीये."

बेगाइदारांनी आणखी दोन वाडगे चहा घेतला. सात चाळीसला कुल्याशचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. बसून कंटाळली असणार, म्हटलं. मग बसने, आपल्या इभ्रतीला शोभेल अशा सावकाशीने, ते आठ वीसला विमानतळावर उतरले. नऊ चाळीसच्या विमानाला एक तास वीस मिनिटं. याहून चोख माणूस शोधून सापडला नसता.

"काका, अक्ताऊची नोंदणी बंद झाली. दारं लावताहेत," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"ते कुठलं तरी दुसरं विमान असेल. माझं नऊ चाळीसचं आहे."

"नऊ चाळीसला आता विमानच नाही."

"हे मला लेखी द्या."

मुलगी बिचारी खरोखरच कागद शोधायला लागली. ती वाकली तशी तिच्यामागच्या मोठ्या काचेतून धावपट्टी दिसायला लागली आणि तिच्यावरून एक विमान पळत आलं, नाक वर केलं आणि डोंगरांना पाठ दाखवून निघून गेलं. बेगाइदारांनी घड्याळ पाहिलं. मग फोन पाहिला. त्यात कुल्याशचा संदेश होता: 'बसतेय आत. या ना हो.'

त्यांनी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. अडतीस वर्षांच्या संसारात ही बाई कुठे आहे हे त्यांना माहीत नाही, असं कधी झालं नव्हतं. आता ती जमिनीपासून दहा किलोमीटर वर कुठेतरी होती, आणि वारा समोरून होता.

सव्वा एकच्या विमानात एक जागा मिळाली. तोपर्यंत ते खुर्चीवर बसून राहिले. शेजारच्या माणसाने देऊ केलेला तळलेल्या पिठाचा बाऊर्साकसुद्धा त्यांनी न तपासता खाल्ला, यावरून त्यांची अवस्था कळावी. दहा वाजले, अकरा वाजले. तीन तास वीस मिनिटं म्हणजे किती, हे महिनाभर मोजूनही त्यांना कळलं नव्हतं, ते आता कळत होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"पोहोचले," कुल्याश म्हणाली. "पाळण्याला काही झालं नाही. विहीणबाई घ्यायला आल्यात."

किती मिनिटं लागली ते विचारायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी दुसरंच विचारलं.

"भीती वाटली का गं?"

"वाटली. उडताना हात धरायला कुणी नव्हतं."

बेगाइदार विमानात खिडकीशी बसले. उडताना त्यांनी खुर्चीचा दांडा धरला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली पांढरं माळरान होतं. अर्ध्या तासाने पाहिलं, माळरान. दीड तासाने पाहिलं, तेच. एखादी रेघ दिसे, ती रस्त्याची की नदीची कळत नसे. मग समुद्र आटून उरलेली खारट जमीन आली आणि तिच्यापुढे परत माळरान. मेरुएर्त हे सगळं दर उन्हाळ्यात तीन दिवस आगगाडीत बसून ओलांडत होती, एकदा यायला आणि एकदा जायला. लबाडी कुणीच केली नव्हती. अक्ताऊ लांब होतं, एवढंच. आणि याचं काय करायचं ते बेगाइदारांना कळेना, कारण लबाडी पकडता येते.

"किती वेळ राहिला?" त्यांनी हवाई सुंदरीला विचारलं.

"वाऱ्यावर आहे, काका."

"असणारच," बेगाइदार नम्रपणे म्हणाले.

बाहेर व्याही इझबासार दोन्ही हात पसरून उभे होते. मिठी मारली, पाठ थोपटली, गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवण्याआधी थांबले.

"व्याही, कुल्याशबाईंनी सगळं सांगितलं. दोन तासांचं."

"अहो, जाऊ द्या..."

"नाही, ऐका. त्या वेळी मी विमानाने आलोच नव्हतो. जाण्यायेण्याचं तिकीट काढलं, परतीच्या वेळांवरून दोन तास धरले, विमानाच्या शिडीपर्यंत गेलो आणि पाय वळले. तसाच स्टेशनवर गेलो. तीन दिवस आगगाडीत. घरी अजून कुणाला माहीत नाही."

बेगाइदारांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. हा माणूस खरं बोलतो आहे, असा त्यांना दाट संशय आला.

"मीही डोळे मिटले होते," ते शेवटी म्हणाले. "कुल्याशला सांगू नका."

दारात मेरुएर्त उभी होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. तिने दाराची चौकट अडवली.

"माझ्या पहिल्या बाईंचं नाव काय होतं, बाबा?"

बेगाइदारांनी छताकडे पाहिलं. त्यांना नाव माहीत नव्हतं. काल तिने कुठलंही नाव सांगितलं असतं, तरी त्यांना ते खरं की खोटं कळलं नसतं.

"विसरलो गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा काही निघाला की मेरुएर्तने चौकट सोडून त्यांनाच धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलं. म्हाताऱ्या बायकांनी पाळण्याभोवती धुरी फिरवली, गाणी म्हटली, बाळाला रीतीप्रमाणे पट्ट्यांनी आत बांधलं, वर सात वस्त्रं घातली आणि लगेच काढलीही. मिठाई उधळली, ती गोळा करताना दोन जाडजूड विहिणींची टक्कर झाली. मग आजोबांना पुढे बोलावलं. बेगाइदार गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि एक बोट बाळासमोर धरलं.

बाळाने बोट धरलं नाही. डोळे बारीक करून, एक भुवई जराशी वर चढवून त्याने आधी बोटाकडे पाहिलं, मग बोटाच्या मालकाकडे, मग परत बोटाकडे.

"अगंबाई!" विहीणबाई हळूच म्हणाल्या. "कुणाकडे असा बघत नाही हो तो!"

बोट तसंच धरून बेगाइदार वाकलेले राहिले. गुडघा दुखायला लागला होता, पण हलायचं त्यांना धाडस होईना.

"बघू द्या हो त्याला नीट," मागून कुल्याश चहा ओतता ओतता म्हणाली. "पटलं की धरेल. त्याच्या आजोबांना तर चार वर्षं लागली."